किनारा धुवावयाचा कसा?

स्वच्छता हा गुण आहे, हे कोणत्याही विद्यार्थ्यास मुद्दाम शिकवावे लागत नाही. पहाटे उठून अंगण झाडावे, सडा घालावा, तुळशीपुढे रांगोळी काढावी, हा आमच्या घरांचा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. घाण दिसली की ती तत्काळ नजरेआड करावी, अशी आमच्या हातांना सवयच जडून गेली आहे. ही सवय चांगलीच आहे. परंतु अंगणात जी रीत शोभते ती समुद्रकिनाऱ्यावरही शोभेलच असे नाही. किनारा हे असंख्य लहानमोठ्या जीवांचे राहते घर आहे, आणि आतील माणसांसकट घर धुऊन काढणे याला कोणीही स्वच्छता म्हणणार नाही. समुद्रात तेल सांडून ते किनाऱ्यास लागते, तेव्हा मात्र शहाणी माणसेही घाईघाईने असेच काही करून बसतात, असे गेल्या साठ वर्षांचा अनुभव सांगतो. म्हणून तेलाने माखलेला किनारा स्वच्छ करावयाचा कसा, याविषयी आमचे मत या अंकात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय गोमंतकातील वाचकांस परका वाटण्याचे कारण नाही. वैशाख सरत आला, पश्चिमेचा वारा वाढू लागला आणि समुद्राचा रंग पालटला, की आमच्या किनाऱ्यांवर वाळूत काळे, चिकट गोळे दिसू लागतात. काही वाटाण्याएवढे असतात, काही लिंबाएवढे. एखाद्या वर्षी तर भरतीच्या रेषेवर काळी पट्टीच्या पट्टी पसरलेली दिसते. अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यास ते चिकटले म्हणजे पाण्याने जात नाहीत. खोबरेल तेल किंवा रॉकेल लावून चोळावे लागतात. रापणीच्या जाळ्यास लागले तर जाळे साफ करता करता रापणकारांचा दिवस फुकट जातो. लोक यांना डांबराचे गोळे म्हणतात. परंतु रस्त्यावरील डांबराशी त्यांचा संबंध नाही. ते समुद्रात पडलेले खनिज तेलच होय.

तेल पाण्यावर सांडले म्हणजे त्यातील हलका भाग हवेत उडून जातो. मागे उरलेला जड भाग लाटांच्या घुसळणीने पाण्याशी मिसळतो आणि लोण्यासारखा दाट होतो. पुढे त्याचे तुकडे पडतात, ते घट्ट होत जातात आणि वारा व प्रवाह नेतील तिकडे वाहत जाऊन एखाद्या किनाऱ्यास लागतात. आपल्या दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्य ठाणे आहे. तेथील शास्त्रज्ञांनी या गोळ्यांची रासायनिक परीक्षा करून त्यांचे मूळ हुडकण्याचे काम केले आहे. तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुऊन टाकलेले तेलकट पाणी आणि समुद्रातील तेलविहिरी, या दोहोंकडे त्यांच्या संशोधनाने बोट दाखविले आहे. म्हणजे मोठा अपघात झाला नाही तरी आमच्या दारी थोडे तेल दर वर्षी येतच असते. मोठा अपघात झाला तर काय होईल, याचा विचार आजच केलेला बरा.

असा विचार करताना जगातील पहिल्या मोठ्या तेलअपघाताची हकीकत विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते. १८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅनियन’ नावाचे प्रचंड तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी, कॉर्नवॉल आणि सिली बेटे यांच्यामधील ‘सेव्हन स्टोन्स’ या खडकांवर चढले. जहाजावर कुवेतचे सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. भरतीची वेळ साधून मिलफर्ड हेवन बंदर गाठावे, म्हणून कप्तानाने जवळची वाट धरली होती. जहाज फुटले, तेल वाहू लागले. ते पेटवून टाकावे या हेतूने महिनाअखेरीस विमानांनी जहाजावर बाँब टाकले. तरीही फार मोठा भाग समुद्रावर पसरला आणि प्रथम कॉर्नवॉलच्या व पुढे फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यास जाऊन लागला. हजारो समुद्रपक्षी तेलात माखून मेले.

कॉर्नवॉलचे किनारे हे सुट्टीत मौजेसाठी येणाऱ्या लोकांचे आवडते ठिकाण. ईस्टरची सुट्टी तोंडावर आली होती, उन्हाळाही दूर नव्हता. वाळू काळी राहिली तर हॉटेलवाल्यांचे आणि गावकऱ्यांचे वर्ष बुडणार, ही चिंता खोटी नव्हती. तेव्हा सैनिक, अग्निशामक दले व स्थानिक लोक कामास लागले आणि सुमारे १०,००० टन साबणवजा रसायने किनाऱ्यावर व किनाऱ्यालगतच्या पाण्यावर फवारण्यात आली. या रसायनांनी तेलाचे बारीक थेंब होतात, ते पाण्यात मिसळतात आणि दिसेनासे होतात. डोळ्यांपुरते काम झाले. लोकांनी निःश्वास टाकला.

पुढे काय घडले ते प्लिमथ येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील अभ्यासकांनी पाहिले व १९६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. खडकांवरील बहुतेक जीव तेलाने मेले नव्हते. ते त्या रसायनांनी मेले होते. खडकास टोपीसारखी घट्ट चिकटून राहणारी एक शिंपली त्या किनाऱ्यावर विपुल असे. ही शिंपली खडकावरील कोवळे शेवाळ चरत असते. गायीगुरे माळ चरतात तशी. तेल लागलेल्या खडकांवर ती तग धरून राहिली, किंबहुना काही ठिकाणी तेलासकट शेवाळ खाऊन खडक साफ करू लागली. जेथे रसायन फवारले तेथे मात्र ती गळून पडली. चरणारे उरले नाहीत, म्हणून खडक प्रथम हिरव्या शेवाळाने आणि मागाहून तपकिरी समुद्रवनस्पतींनी झाकून गेले. मग शिंपल्यांच्या नव्या पिढ्या वारेमाप वाढल्या, त्यांनी ते रान फस्त केले, आणि अन्न संपल्यावर त्याही उपासमारीने घटल्या. हा झोका वर्षानुवर्षे हेलकावत राहिला.

याच किनाऱ्यावर गॉड्रिव्ही म्हणून एक जागा आहे. तेथे सील प्राण्यांना अपाय होऊ नये म्हणून रसायन वापरले गेले नाही. तेलाचे काम लाटांवर सोडण्यात आले. तेथील खडकांवरचे जीवन दोन-तीन वर्षांत बव्हंशी पूर्ववत्‌ झाले. जेथे पुन्हा पुन्हा फवारणी केली होती, तेथे पूर्वस्थिती येण्यास दहा ते पंधरा वर्षे लागली. एकाच तेलाने माखलेले एकाच समुद्राचे हे दोन किनारे. ज्याची ‘सफाई’ जोरात झाली, तोच अधिक काळ आजारी राहिला.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. इंग्लिश खाडीतील गर्न्सी या बेटावरील लोकांनी किनाऱ्यास लागलेले तेल शोषून, उपसून काढले आणि तेथील एका जुन्या दगडखाणीत नेऊन ओतले. किनारा मोकळा झाला. परंतु खाणीतील तेल पुढे दशकानुदशके तेथेच पडून राहिले, त्यात पक्षी अडकून मरत राहिले, आणि या शतकात येऊन ते साफ करण्याचे काम पुन्हा हाती घ्यावे लागले. म्हणजे आजोबांच्या हातून राहिलेले काम नातवंडांच्या गळ्यात पडले.

हा धडा जगाने लगेच घेतला असे म्हणावे, तर तसेही दिसत नाही. १६ मार्च १९७८ रोजी ‘आमोको कादिझ’ हे जहाज ब्रिटनीच्याच किनाऱ्यावर फुटले आणि दोन लाख टनांहून अधिक तेल वाहून गेले. तेथे ईल ग्रांद या ठिकाणी खाऱ्या पाण्याची दलदल आहे. तेल काढण्यासाठी तीत अवजड यंत्रे घालण्यात आली. यंत्रांनी तेल नेले, त्याबरोबर गवताची मुळे आणि मातीचा थरही नेला. जेथे यंत्र गेले नव्हते तेथील दलदल काही वर्षांत हिरवी झाली. यंत्राने खरवडलेल्या भागास त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. पुढे २४ मार्च १९८९ रोजी अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंड येथे ‘एक्सॉन व्हाल्डिझ’ या जहाजातून सुमारे चार कोटी लिटर तेल सांडले. त्या उन्हाळ्यात हजारो मजूर कामास लावून, सुमारे ६० अंश सेल्सिअस तापविलेल्या पाण्याचे जोरदार फवारे खडकांवर मारण्यात आले. तेल निघाले, पण त्या उकाड्यात, तेलाच्या तडाख्यातून वाचलेले जीवही भाजून निघाले. तुलनेसाठी काही किनारे मुद्दाम न धुता राखून ठेवले होते. ते धुतलेल्या किनाऱ्यांपेक्षा लवकर सावरले, असे अमेरिकन सरकारच्याच शास्त्रज्ञांस आढळून आले.

येथे कोणी चतुर विद्यार्थी विचारील, ‘मग गुरुजी, काहीच न करता हात जोडून बसावयाचे की काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. त्याच अलास्कात, दगडगोट्यांखाली झिरपून लाटांच्या माऱ्यापासून दूर राहिलेले तेल दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही ओलेच सापडले. लाट पोहोचत नाही तेथे तेल आपोआप जात नाही. वाळूवर साचलेला जाड थर उचललाच पाहिजे; नाहीतर पुढील भरती तो उचलून शेजारच्या गावी नेऊन टाकते. तेव्हा आमचे म्हणणे असे नाही की काही करू नये. आमचे म्हणणे एवढेच की, किनारा किती लवकर चकचकीत दिसू लागला हे सफाईचे माप नव्हे. तेथील जीव किती वाचले आणि काढलेले तेल शेवटी कोठे गेले, हे तिचे माप होय. हे माप मान्य केले म्हणजे कामाची रीत आपोआप बदलते. यंत्र आणि रसायन मागे पडते. फावडे, घमेले आणि माणसाचा हात पुढे येतो.

हाताने केलेल्या कामाचा महिमा पाहावयाचा असेल तर दक्षिण कोरियातील तेआन येथील उदाहरण पाहावे. ७ डिसेंबर २००७ रोजी एका क्रेनवाहू तराफ्याने नांगरून उभ्या असलेल्या तेलवाहू जहाजास धडक दिली आणि सुमारे १०,५०० टन तेल समुद्रात गेले. ऐन थंडीत देशभरातून बारा लाखांहून अधिक स्वयंसेवक त्या किनाऱ्यावर येऊन गेले. त्यांत विद्यार्थी होते, गृहिणी होत्या, वृद्ध होते. ओळीने बसून, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांनी एकेक दगड पुसण्याचे काम त्यांनी केले. इतकी माणसे एका किनाऱ्यासाठी वाकली, ही गोष्ट आमच्या मते कोणत्याही यंत्राहून मोठी आहे.

आपल्या देशातील उदाहरणही डोळ्यांपुढे ठेवावे. २८ जानेवारी २०१७ रोजी पहाटे चेन्नईजवळील एण्णूर येथे बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि जड इंधन तेल किनाऱ्यास लागले. तेल फारसे सांडले नाही, असे आरंभी सांगण्यात आले. प्रत्यक्षात दाट, काळ्या चिखलाचे थर खडकांच्या फटींत साचू लागले, आणि ते इतके घट्ट होते की पंपाने ओढले जाईनात. अखेर तटरक्षक दलाचे जवान, मजूर, कोळी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी रांगा करून बादल्यांनी ते उपसले. त्या बादल्यांची चित्रे पाहून पुष्कळांनी चेष्टा केली. जड तेल खडकांत साचल्यावर ते हाताने उपसावे लागते, यात आम्हांस लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. लाज वाटावी ती दुसऱ्याच गोष्टीची. कित्येकांच्या हातांत धड मोजे नव्हते. विषारी वाफांची सूचना त्यांना वेळेवर मिळाली नव्हती. आणि आरंभीच्या त्या भरवशाने मोलाचे तास वाया गेले होते. हातांवर विसंबावयाचे, तर त्या हातांची काळजी आधी घेतली पाहिजे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. गोमंतकाचा किनारा एकसारखा नाही. कळंगूट किंवा कोलवा येथे लांबच लांब वाळू आहे. मध्येमध्ये समुद्रात घुसलेले खडक आहेत. आणि मांडवी, झुआरी, शापोरा या नद्यांच्या मुखांशी तिवरांची राने आहेत. तिन्हींना एकच औषध चालणार नाही.

वाळूवरील तेल रुंद फावड्याने वरचेवर खरवडून घ्यावे. शक्य तितकी कमी वाळू उचलावी. येथे आमच्या मोसमी समुद्राचा स्वभाव लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात आणि पावसाळा सरल्यावर हळूहळू परत आणून घालतात, हे समुद्राकाठच्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. म्हणून वरून ताजी वाळू ओढून डांबराचे गोळे पुरून टाकणे, ही शुद्ध फसवणूक होय. मे महिन्यात पुरलेले तेल आषाढातील लाटा पुन्हा उघडे करणारच. आणि यंत्र घालून वाळूचे ढीगच्या ढीग वाहून नेणे, म्हणजे आधीच झिजणाऱ्या किनाऱ्याचे मांस तोडून काढणे होय. त्या वाळूत तिसऱ्या असतात, कुर्ल्यांची बिळे असतात. मोरजी व गालजीबाग येथे तर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. तेथे चाकांची गाडी नेण्यापूर्वी दहादा विचार करावा.

खडकांवरील जाड थर हाताने काढावा, पुसावा; उरलेला पातळ डाग लाटांवर सोडावा. साबणाचा किंवा कढत पाण्याचा मोह धरू नये. हल्लीची रसायने १९६७ सालच्या मानाने सौम्य आहेत, हे खरे आहे. खोल समुद्रात, तटरक्षक दलाच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होऊही शकतो. परंतु शिनाणे आणि कालवे जेथे वाढतात त्या उथळ खडकांवर ती नकोत.

तिवरांच्या बाबतीत तर ‘आत पाऊल टाकू नये’ हाच पहिला नियम. चिखलात उतरणारा प्रत्येक पाय वरचे तेल खाली मुळांशी दाबून बसवितो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांच्या टकरीनंतर तेथील तिवरांवर तेल चढले, तेव्हा ही अडचण पुष्कळ चर्चिली गेली. तिवरांचे रक्षण तेल येण्याआधीच, खाडीच्या तोंडाशी तरंगते अडसर बांधून करावे लागते. चोडणच्या पक्षिअभयारण्यात एकदा तेल शिरले, की मग खरवडण्यासारखे फारसे काही हाती राहत नाही.

याशिवाय एक साधे काम आहे आणि ते कोणत्याही शाळेस करता येण्यासारखे आहे. तेल किनाऱ्यापासून दूर आहे, पण वारा त्यास इकडे आणीत आहे, अशी वार्ता आली की ते येण्यापूर्वीच किनाऱ्यावरील प्लॅस्टिक, बाटल्या, चिंध्या, तुटकी जाळी हा सर्व कचरा उचलून न्यावा. तेलाने माखलेली प्रत्येक बाटली हा पुढे विषारी कचरा ठरतो आणि त्याची विल्हेवाट लावणे कठीण जाते. कोरड्या किनाऱ्यावर दोन तासांत होणारे काम तेल आल्यावर दोन दिवसांत होत नाही. जो किनारा बाराही महिने स्वच्छ असतो, त्याची तेलसफाई अर्धी झालेलीच असते.

विद्यार्थ्यांस आमचे स्पष्ट सांगणे आहे. तेल ताजे असताना पहिले काही दिवस किनाऱ्यावर जाऊ नये. त्याच्या वाफांनी डोके दुखते, मळमळते, श्वास कोंडतो. पुढे वडीलधाऱ्यांच्या व अधिकाऱ्यांच्या परवानगीनेच, मोजे व बूट घालून, सांगितलेले तेवढेच काम करावे. माखलेला पक्षी दिसला तर त्यास स्वतः धुण्याचा प्रयत्न करू नये, जाणकारास कळवावे. आणि डांबराचे गोळे दिसतील तेव्हा दिवस, वेळ, जागा व त्यांचा आकार वहीत टिपून ठेवावा. एका वर्गाने पाच वर्षे अशी वही नेमाने ठेवली, तर ती शास्त्रज्ञांसही उपयोगी पडेल.

आमच्या मतावर एक आक्षेप येईल, आणि तो पोटाशी संबंधित असल्यामुळे त्यास टाळून जाणे योग्य नव्हे. किनाऱ्यावर ज्यांचे शॅक आहेत, खोल्या आहेत, होड्या आहेत, ते म्हणतील, ‘लाटांवर सोडा म्हणणे तुम्हांस सोपे आहे, महिना संपला की तुमचा पगार होतो. आमचा हंगाम चार महिन्यांचा. वाळू काळी दिसली तर पाहुणा फिरकणार नाही, आणि माशास तेलाचा वास येतो अशी नुसती आवई उठली तरी बाजार बसेल.’ हे म्हणणे खरे आहे. मुंबईच्या त्या अपघातानंतर मासळीबाजाराने हे दिवस पाहिले आहेत. परंतु याचे उत्तर किनाऱ्यास विष पाजणे हे नव्हे. ज्या शिंपल्या, ज्या कुर्ल्या, जी मासळी यांवर हा सारा संसार उभा आहे, तीच मारून एक हंगाम वाचविला, तर पुढील दहा हंगामांचे काय? म्हणून किनारा सावरेपर्यंत रापणकारास आणि छोट्या व्यावसायिकास नुकसानभरपाई मिळाली पाहिजे, तीही वेळेवर आणि मागता मागता जोडे झिजविल्याशिवाय. किनाऱ्यास वेळ द्यावयाचा असेल, तर किनाऱ्यावरील माणसास आधार द्यावाच लागेल. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

ही भरपाई कोणी द्यावी? ज्याचे तेल, त्याने. ‘टॉरी कॅनियन’च्या अपघातानंतर जगातील राष्ट्रे जागी झाली. तेलाने होणाऱ्या हानीची जबाबदारी जहाजमालकावर टाकणारा आंतरराष्ट्रीय करार १९६९ साली, आणि जहाजांनी समुद्र दूषित करू नये यासाठीचा करार १९७३ साली झाला. तेलवाहू जहाजांनी किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या आत टाक्या धुतलेले तेलकट पाणी सोडू नये, असा नियम आहे. मोठा अपघात झाला तर जहाजाचे नाव साऱ्यांस कळते आणि दावा लावता येतो. आमच्या दारी येणाऱ्या डांबराच्या गोळ्यांचा मात्र कोणी धनीच पुढे येत नाही. रात्रीच्या अंधारात कोणी टाकी धुतली, कोणाच्या विहिरीतून थेंब गळले, हे कोणी सांगत नाही. आणि सफाईचा भार ग्रामपंचायतीच्या व मजुराच्या अंगावर पडतो. आज उपग्रहांच्या साह्याने समुद्रावरील तवंग दिसतो. कोणते जहाज कोठे होते हे टिपले जाते. तेलाची रासायनिक ओळख पटविता येते. साधने आहेत. ती वापरून धन्यास हुडकून काढावे आणि त्याच्याकडून खर्च वसूल करावा, अशी मागणी किनाऱ्यावरील प्रत्येक गावाने सतत करीत राहिली पाहिजे.

त्याचप्रमाणे, गोळा केलेले तेल कोठे जाते, हेही विचारले पाहिजे. ते झाकणाच्या पिंपांत भरले की उघड्या खड्ड्यात ओतले? खड्ड्यातून ते एखाद्या खाजनात किंवा विहिरीत तर झिरपत नाही ना? गर्न्सीच्या खाणीची गोष्ट आम्ही वर सांगितली ती यासाठीच. किनाऱ्यावरून उचललेले तेल डोंगराआड नेऊन टाकले, तर घाण नाहीशी झाली नाही. तिने फक्त गाव बदलले.

शेवटी एवढेच सांगावयाचे आहे की, उद्या आपल्या किनाऱ्यावर मोठे तेल आले, तर पहिल्याच दिवशी पुष्कळ आवाज उठतील. कोणी म्हणेल बुलडोझर आणा, कोणी म्हणेल साबण मारा, कोणी म्हणेल पुरून टाका आणि मोकळे व्हा. त्या गर्दीत ज्यांना हे सारे आधी ठाऊक असेल, अशा चार माणसांची गावास फार गरज लागेल. ती माणसे आज आमच्या वर्गांत बाकांवर बसलेली आहेत. त्यांनी त्या दिवशी घाई करणाऱ्यांस थांबवावे, हातांत मोजे चढवावेत, फावडे उचलावे आणि पिंपांची मोजदाद ठेवावी, एवढीच आमची त्यांच्याकडून अपेक्षा आहे.